मंदीवाला

राजारामपुरीत, सायकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं.
दोन फोन, एक फळा,
आणि खडूनं भाव लिहिणारा मी.
मुंबईहून आकडा यायचा, मी जुना पुसायचो, नवा लिहायचो.
त्या साली पुसलेला नेहमी लहान,
लिहिलेला मोठा.
एवढंच काम.

मधल्या सुट्टीत हायस्कूलचे मास्तर यायचे,
गांधीनगरचे कापडवाले,
पेशंट बाकावर बसवून ठेवून आलेले एक डॉक्टर.
सगळ्यांना एकच पाहिजे : शिरोलीची हेमकूट कास्टिंग.
कंपनी ओततेय काय, कुणी विचारत नव्हतं.
भाव ओततेय, तेवढं दिसत होतं.

मागच्या बाकावर आदगोंडा मगदूम.
उभा जन्म शाहूपुरीत, गुळाच्या सौद्यात गेला.
रव्यात सुरी घालून आतला रंग बघायचा,
हा त्याचा धंदा, आणि स्वभावही तोच.
रवा जेवढा पिवळाधमक
तेवढं त्याचं कपाळ आठ्यांचं.
"पालथा घाल जरा," म्हणायचा.

हेमकूट दोनशे दहावर असताना तो पुढं आला.
"विक दोनशे."
तुमच्याकडं आहेत कुठं, मी म्हटलं.
"न्हाईत. नंतर घिऊन भरणार."
अख्खं ऑफिस हसलं, मीही.

"तीन राती शिरोलीत गेटासमोर च्या पीत बसलोय.
भट्ट्या चार, पेटतीया एक.
वाळूचा ट्रक आत जातोय
आणि त्योच ट्रक तीच वाळू घिऊन भायेर येतोय.
नंबर लिवून आणलाय. बघ."
कुणी बघितला नाही.

दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. चारशे पाच.
दर पंधरवड्याला तो फरक भरायचा,
टॉवेलात गुंडाळलेल्या नोटा,
थुंकी लावून दोनदा मोजलेल्या.
कुणीतरी त्याच्या बाकाला लिंबू-मिरची बांधली.
डॉक्टर म्हणाले, आमच्या चुलीत पाणी ओतून
तुम्ही भाकरी भाजणार.
"चूल पेटलीया म्हणणारं सतराजण हैत," तो म्हणाला,
"पातेल्यात काय हाय बघाय
एक तरी असू दे की."

देव नव्हता तो.
आदल्या दिवाळीत एका पंपवाल्या कंपनीवर असाच उलटा बसला होता.
कंपनी सच्ची निघाली.
कुंभोजच्या वाटेवरचा अर्धा एकर त्यात गेला.
तेव्हा म्हणाला होता,
"माल चोख हाय म्हणायचा. बरं झालं.
सुरी घातल्याबिगर कळलं असतं व्हय?"

मग मार्चातला एक मंगळवार.
हेमकूट? मी फोनवर विचारलं.
पलीकडून नुसता गलका, मग एक आवाज :
विकणारे आहेत. घेणारा नाही.
खडू हातात तसाच.
आकडा पुसला होता, नवा लिहायला नव्हता.
मास्तर फळ्याच्या त्या रिकाम्या जागेकडं
परीक्षेतल्या पोरासारखे बघत राहिले.

तेव्हा मागून आवाज आला. "आता घे. सत्तरनं. दोनशे."
नसलेलं विकलं होतं, ते भरायला
त्याला घेणं भाग होतं.
साऱ्या ऑफिसात त्या दिवशी
'घे' म्हणणारा तेवढा एकच,
ज्याला सगळे पाडणारा म्हणत होते.
मुंबईच्या त्या गर्दीत कुणाचे कुणाला गेले, देव जाणे.
मास्तरांचे थोडे सुटले.
माझे चाळीस त्यानंच घेतले असावेत,
असं मी धरून चालतो.

गावानं मात्र उलटंच धरलं :
ह्यानंच तोंड लावलं, म्हणून आटलं.
बाक कुणीतरी जिन्याखाली टाकला.
तो परत आला नाही.
आभार मानायचे राहिले; मानले असते,
तर म्हणाला असता, "मी माझं बघितलं."
ते खरंच होतं.

आता फळा नाही, भाव खिशात वाजतात.
परवा पुन्हा सगळे एकाच नावाचे झाले,
भाच्यानं मलाही सांगितलं, मामा, घेऊन टाक.
मी शिरोलीला एसटीतून उतरलो,
त्या कंपनीच्या गेटासमोर चहा सांगितला.
सात ट्रक आत गेले.
नंबर लिहून घेतलेत.
अजून एकही बाहेर आलेला नाही.
दुसरा चहा सांगतो.